बाबांची गादी

“गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत, वहिनी. खाली पिंजारी आलाय, त्यालाच देऊन टाका,” स्वयंपाकघरात आत्या आईला सांगत होती आणि मी गॅलरीत पुस्तक धरून ऐकत होते. बाबांचं तेरावं होऊन गेलं तरी त्यांची गादी गिरगावातल्या आमच्या चाळीत तशीच गुंडाळून ठेवलेली होती, कारण संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे आणि संचारबंदी यांत पिंजारी इकडे फिरकलाच नव्हता. आई सतरंजीवर झोपायची, पण दुपारी सगळे पडले की ती गादी उलगडून उन्हात घालायची. आता खाली चौकात पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार वाजत होती, शेजाऱ्यांचा दडपून घट्ट झालेला कापूस पुन्हा पांढरा, हलका होऊन उडत होता आणि त्याचा कोरडा वास वरपर्यंत येत होता. “मॅडम, पुस्तक ठेवा आणि गादी खाली पोचवा,” आत्या मला म्हणाली. माझ्या इंग्रजी शाळेवरून ती असंच बोलायची, म्हणून तिच्यापुढे मी सहसा तोंड उघडत नसे. आईने गादीच्या कोपऱ्यावरचा स्वतःच्या हातचा टाका चाचपला. मी गादी घेऊन जिना उतरले, मागे आत्या. पिंजलेल्या कापसाचा वास आला की अजून मला तो जिना आठवतो. पिंजाऱ्याने विचारलं, “काय बेबी, हिचं काय करायचं?” आत्याच्या आधी मीच बोलले, “पिंजून नव्या खोळीत भरा. आई झोपणार आहे हिच्यावर.”