घाबरट गाडी

भंडाऱ्यात माझ्या शेजारी एक मेकॅनिक राहायचा. मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायचा. शर्यतीआधी हँडल धरून म्हणायचा, "पाह्य ना, गाडी कशी थरथरून राहिली!" इंजिन तर बंदच असायचं. मग टाकी थोपटून गाडीलाच विचारायचा, "काहून भेऊन राहिली वं? मी आहो ना."

मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून आलेला. ट्रकच्या लायसनला नापास झालो असतो, तर गाशा गुंडाळून परत जावं लागलं असतं. परीक्षेच्या सकाळी मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. तो खिडकीत वाकला.

"तुहा ट्रक लयच थरथरून राहिला बे. समजाव त्याले."

इंजिन अजून सुरू व्हायचं होतं.

परीक्षेचे साहेब चढायच्या आत मी स्टिअरिंग थोपटलं. "घाबरू नको रे, मी आहो ना."

ट्रक शहाण्यासारखा चालला, आणि मी भंडाऱ्यातच राहून राहिलो.