विष्णूच्या हातातला लाडू

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, घरीसुद्धा नाही. नाशिकला भांडीबाजारामागे आमचं मूर्ती ओतायचं दुकान आहे. आणीबाणी उठली त्या वर्षी गल्लीतले निवृत्त मास्तर एका मासिकाचं पान घेऊन आले. त्यावर कंबोडियातल्या जुन्या ख्मेर कारागिरांनी ओतलेला ब्राँझचा विष्णू होता. आखूड धोतर, ओठांवर बारीक मिशी, चार हात. मास्तरांच्या पत्नी माई टायफॉइडमधून उठल्या होत्या, पण अन्नावरची वासनाच गेलेली. पेजेचे दोन चमचे, बस्स. डॉक्टरांनीही हात टेकले होते. "हा फोटो बघून ती महिन्याभरानं आपणहून बोलली," मास्तर म्हणाले. "असाच देव तिच्यासमोर हवा."

चक्र, शंख, गदा ओळखू आली. चौथ्या हातात नुसता गोळा. विचारायला हवं होतं. पण तीन पिढ्यांचा ओतारी गिऱ्हाइकाला देवाबद्दल विचारणार? जन्मभर गणपती ओतलेले. हाताला एकच गोळा ठाऊक. ओतण्याआधी घडवतात त्या मेणाच्या मूर्तीवर सुईनं बुंदीचा दाणा न् दाणा उठवला. वर बेदाणाही बसवला.

मूर्ती पोचवायला निघालो, तर वाटेत मास्तर कौतुकानं म्हणाले, "तिकडचा विष्णू हातात अख्खी पृथ्वी धरतो हं, भाऊ." आणि मी लाडू ओतून बसलो होतो. मेणाची मूर्ती तर ओतकामात वितळून गेलेली. नवी मूर्ती म्हणजे आणखी महिना, आणि माईंची अवस्था महिनाभर थांबण्यासारखी नव्हती. उरलेली वाट मी देवाचा धावा करत चाललो.

माईंनी मूर्तीवरचं फडकं सोडलं. चौथ्या हाताकडे बघितलं आणि खुदकन हसल्या.

"अहो, हा मिशीवाला लाडू खातोय! आणि मला रोज पेज? बघताय काय नुसते, आणा एक!"

अर्धा लाडू खाल्ला. संध्याकाळी वरणभात मागितला.

मास्तरांचे डोळे भरून आले. "पृथ्वीचा लाडू करायचं तुम्हाला सुचलं कसं हो?"

खरं ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, "देवानंच सुचवलं."

मग काय, न जेवणाऱ्या पोरांच्या आया लाडूवाला विष्णू मागायला येऊ लागल्या. माई अजून दर दिवाळीला मला लाडूंचा डबा पाठवतात. अपराध्यासारखा खातो, पण खातो, चांगले असतात. त्या दिवशी मी विचारलं असतं, तर पृथ्वी बरोबर झाली असती. माईंचं काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही. माझा हात कुणी चालवला, तेही नाही. आता मेण हातात घेण्याआधी, जो कुणी असेल त्याला नमस्कार करतो, आणि गिऱ्हाइकाला सगळं विचारतो.

मास्तरांना खरं सांगायचं अजून राहिलंय. आणि देवाची एक पृथ्वी मी देणं लागतो.