उशाशी उभे असलेले मेजर कुरियन

माजलगाव धरणाचे दरवाजे उघडले त्या संध्याकाळी आम्ही मेसमध्ये जेवत होतो. ॲडज्युटंटचा फोन आला. पूरग्रस्तांसाठीचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, पहाटे निघणार, सोबत एक छोटी सर्जिकल टीम. जिल्हा बीड. टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बीडची. इंग्रजी माध्यमाची शाळा, एमबीबीएस, मग आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन. खांद्यावर कॅप्टनचे तारे येऊन वर्षही झालं नव्हतं. मी मान खाली घालून भात संपवला. रात्री मात्र आनंदाने झोप लागली नाही. आपल्याच जिल्ह्यात युनिफॉर्म घालून जायचं होतं.

टीममध्ये तीन डॉक्टर होते. लेफ्टनंट कर्नल भाटिया हाडांचे सर्जन. मेजर कुरियन भूलतज्ज्ञ. मी जनरल ड्युटी मेडिकल ऑफिसर, म्हणजे ताप, जुलाब, साप, टाके, जे समोर येईल ते. कर्नल सर कमी बोलायचे आणि मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. मला ते सोयीचं होतं. मीही बोलत नसे.

सिंदफणेकाठच्या एका गावात उंचावरच्या शाळेत आम्ही उतरलो. बोटी पाण्यात गेल्या. एका वर्गात ऑपरेशनचं टेबल उभं राहिलं, व्हरांड्यात माझी ओपीडी. दुपारपर्यंत रांग हलत नव्हती.

"तुमी कशाच्या डॉक्टर?" एका आजोबांनी विचारलं.

"सगळ्याच्या."

"म्हंजी कशाच्याच न्हाई."

रांग हसली. आजोबांनी मेजर सरांकडे बोट केलं. "अन् ते साहेब? सकाळधरनं नुसते त्या नळकांड्याशी खेळायलेत."

"ते भूल देतात, आजोबा. ऑक्सिजन तपासतायत."

"झोपवायचंच ना? मग लई निवांत काम हाय."

मी सरांना हे इंग्रजीत सांगितलं. ते सिलिंडरवरून नजर न काढता म्हणाले, "त्यांना सांग, झोपवणं सोपं आहे. मला पगार उठवण्याचा मिळतो."

इतक्यात रेडिओ वाजला.

"मेडिक, मेडिक, बोट टू. एक कॅज्युअल्टी, महिला. पायाला मार. ओव्हर."

"बोट टू, शुद्धीवर आहे का? ओव्हर."

"हो मॅडम. पाऊल उलटं फिरलंय. ओव्हर."

तिचं नाव सुनंदा. ती शाळेतच आसऱ्याला होती. बांधलेली शेळी सोडवायला कुणाला न सांगता घरी परत गेली आणि भिंत पायावर आली. बोटीतून उचलून आणली तेव्हा घोटा पूर्ण निखळलेला होता, जखमेतून हाड दिसत होतं. घट बसलेले, त्यामुळे नऊ दिवस पायात चप्पल नाही. चिखल थेट जखमेत. पाऊल थंडगार आणि निळसर. मी दोन जागी बोट ठेवून नाडी शोधली. लागली नाही.

कर्नल सरांनी एकदाच पाहिलं. "रक्त पोचत नाहीये. घोटा आत्ता जागेवर बसवला नाही तर पाऊल कापावं लागेल." पूल पाण्याखाली होता. ढग इतके खाली की हेलिकॉप्टर येणार नव्हतं. जे करायचं ते त्याच वर्गात.

"बाई, पाय ऱ्हाईल का?" सुनंदाने माझी बाही धरली. "दसरा झाला की ऊसतोडीला फडावर जायचंय. दोघांची आगाऊ उचल घेतलीय. पाय न्हाई तर मी काय करू?"

"राहील," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

ती थरथर कापत होती. मेजर कुरियन म्हणाले, "ही स्थिर बसणार नाही, पाठीत सुई देता येणार नाही. पोट रिकामं असेल तर शिरेतून औषध देऊन झोपवू. थोड्या वेळाचं काम आहे." मग आमच्या हवालदारांना म्हणाले, "विचारा, शेवटचं कधी खाल्लं?"

सासू दारातच उभी होती. "उपवास हाय की साहेब तिला. नवरात्राचा. अन्नाचा कण न्हाई पोटात."

हवालदार हरियाणाचे. त्यांनी सांगितलं, "सर, फास्टिंग. एक दाना नहीं."

"गुड," मेजर सर म्हणाले आणि सिरिंज भरायला घेतली.

मी ट्रेमध्ये कात्र्या मांडत होते. हात थांबला. माझी आईही नवरात्र धरते. त्या नऊ दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा जास्त शिजतं. कर्नल सर हात धुऊन तयार उभे होते. मला बोलायचं नव्हतं. पण मेजर सरांनी सिरिंजमधली हवा काढली आणि मी बोलले.

"सर, थांबा."

कर्नल सरांनी मान वळवली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सासूकडे वळले. "मावशी, फराळाला काय होतं?"

"भगर. शेंगदाण्याची आमटी. रताळी हुती दोन."

"कधी?"

"आताच की. हितंच वाटलं पोरांनी, उपवासाचं येगळं. दोन वाट्या भगर खाल्ली तिनं, अन् मग ती शेळीपायी गेली."

"मग अन्नाचा कण नाही असं कावून म्हणलात?"

"भगर म्हंजी काय अन्न हाय व्हय?" सासू माझ्यावरच रागावली. "बोलण्यावरनं बीडच्याच ना तुमी?"

मी सरांना सांगितलं: पोट गच्च भरलेलं आहे. मेजर सरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. झोपेत उलटी झाली असती तर ती फुप्फुसात गेली असती.

"स्पायनल," ते म्हणाले. "पाठीतच सुई. जागी ठेवू. कॅप्टन, तू तिला धर. ती हलली नाही पाहिजे आणि गप्प बसली नाही पाहिजे. तिचा आवाज हा माझा मॉनिटर."

मी सुनंदाला टेबलावर बसवलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर दाबून धरलं. "शेळीचं नाव काय?"

"शेळीला कुटं नाव आस्तंय?"

"मग हाक कशी मारता?"

"भवाने म्हणती मी." ती हसली, आणि तेवढ्यात सुई गेली.

थोड्या वेळाने पाय जड झाला. तिला निजवलं, पोटावर आडवा पडदा बांधला. मेजर सर उशाशी उभे राहिले, एक हात तिच्या मनगटावर. मी बोलत राहिले. आयुष्यात सलग इतकं कधी बोलले नव्हते. पडद्यापलीकडे कर्नल सरांनी पाऊल धरून ओढलं. खट् असा आवाज आला.

त्याच वेळी सुनंदा बोलायची थांबली. चेहरा पांढरा पडला; रक्तदाब उतरला होता. मेजर सरांनी माझ्या आधी ते पाहिलं, तिची मान एका बाजूला वळवली, आणि सगळी भगर माझ्या बुटांवर आली. पांढरी, जशीच्या तशी. सक्शन, ऑक्सिजन, सलाइन जोरात. सुनंदा खोकली, डोळे उघडले. "बूट घाण झालं व्हय तुमचं?"

पडद्यावरून कर्नल सरांचा आवाज आला. "पाऊल गरम होतंय. नाडी आहे. कॅप्टन, ये, तूच बघ."

मी बोट ठेवलं. नाडी उडत होती. मला तिथेच नाचावंसं वाटलं. मी "येस सर" म्हणाले.

जखम धुणं, टाके, प्लास्टर यांत दुपार गेली. पाणी उतरल्यावर तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. त्या साली ती फडावर गेली नाही. पुढच्या साली गेली, किंचित लंगडत.

मेजर कुरियन त्यानंतरच्या हिवाळ्यात ईशान्येकडे होते. एका जखमी जवानाला डोंगरावरून खाली आणताना रस्ता खचला आणि ॲम्ब्युलन्स घसरली. ड्रायव्हरने नंतर सांगितलं की साहेब मागे स्ट्रेचरच्या उशाशी होते, जवानाच्या श्वासाची पिशवी हाताने दाबत होते. गाडी थांबली तेव्हा जवानाची श्वासाची नळी जागेवर होती. साहेब त्याच्यावर पालथे पडलेले होते. आपल्या अंगाने त्याला आडोसा करून ते गेले होते.

तो जवान वाचला. मी त्याला भेटले. त्याला सर्जन आठवतात, वॉर्डातल्या सिस्टर आठवतात. मेजर कुरियन आठवत नाहीत. कसे आठवतील? तो झोपेत होता, आणि ती झोप त्यांनीच नीट दिली होती.

मी सैन्यातून बाहेर पडले. आता भूलशास्त्र शिकते. जवानाला मी सरांचा फोटो पाठवला. त्याने तो घरात लावलाय.