रिसोडहून वाशीमला, दर रविवारी

आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही. त्यामुळे दुकानात मागच्या फळीवरच्या स्टीलच्या टाकीत बाटली सापडली, तेव्हा आधी मी ती पाण्याचीच समजले. बूच उघडून वास घेतला आणि परत तिथेच ठेवली. यांना काही विचारलं नाही. रिसोडच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं आहे. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पुढची दोन वर्षं मी मोबाइलवर उपाय शोधत राहिले. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पावडर मागवून वरणात कालवली. यांना दोन दिवस उलट्या झाल्या. दूध बाधलं असेल म्हणून सासूबाईंनी दूधवाला बदलला. पिणं चालूच राहिलं.

मग यांना कावीळ झाली. वाशीमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला चिठ्ठीवर एक फोन नंबर लिहून दिला. दारू सोडलेली माणसं दर रविवारी भेटतात, म्हणाले.

घरी आल्यावर गच्चीवर कपडे वाळत घालताना फोन लावला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला.

“पेणारं कोण हाये, ताई? तुमी का घरचं कोणी?”

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “मालक.”

“मंग त्यायले घेऊन या रविवारी. नाही आले तं तुमी एकट्या या.”

हे आले. का आले ते मला अजून माहीत नाही. नाही म्हणायची ताकद नसावी. सासूबाईंना सांगितलं, वाशीमची माझी मावशी आजारी आहे. त्या मावशीला आम्ही पुढे दीड वर्ष आजारी ठेवलं.

सभा एका शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर सात-आठ मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. फोनवरचे काका पुढे खुर्चीवर होते. यांना कोणी काही विचारलं नाही, ‘बसा’ एवढंच म्हणाले. मी दाराजवळ बसले. एकेक जण उठून आपलं सांगत होता. तिसरा उठला आणि मी त्याला ओळखलं. आमच्या बाजारातला हमाल. सोयाबीनचे कट्टे उतरवून झाले की आमच्या दुकानाच्या पायरीवर पाणी प्यायचा.

“पोरीच्या लग्नात मले खोलीत कोंडून ठेवलं होतं,” तो सांगत होता. “बरं केलं त्यायनं.”

मला वाटलं, झालं. उद्या अख्ख्या रिसोडला कळणार. भीतीसुद्धा नीट वाटली नाही. नुसतं वाटलं, झालं. हे बाकावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाठीवर कट्टा घेऊन दुकानासमोरून गेला. मान वर केली नाही. त्यानंतर रोज तसाच जायचा. पायरीवर बसायचंही त्याने बंद केलं. रविवारी मात्र वर्गात सरकून यांना जागा द्यायचा.

चार महिने हे प्याले नाहीत. मग लग्नसराईत प्याले. मी वासावरून ओळखलं आणि पोळ्या लाटत राहिले. तो रविवार गेला, पुढचाही गेला. सोमवारी तो हमाल पहिल्यांदाच दुकानात चढला. सासूबाई आत होत्या.

“तांब्या दाखवा,” म्हणाला.

यांनी तांब्या काट्यावर ठेवला. तो वाकून वजन पाहिल्यासारखं करत हळूच म्हणाला, “मीबी चार डाव पडलो, शेठ. रविवारी येजा. मी एसटी स्टँडवर उभा राह्यतो.”

तांब्या घेऊन तो उतरला. त्या रविवारी हे माझ्या आधी तयार होऊन बसले होते.

तेव्हापासून न पिता एक वर्ष झालं, त्या दिवशी वर्गात टाळ्या वाजल्या. पेढे आणले होते. काका म्हणाले, “ताई, आज तुमी बोला.”

मी उठले. आभार मानायचे असं एसटीत ठरवलं होतं. तोंडातून निघालं, “मला आनंद व्हायला पाहिजे. पण मला काहीच वाटत नाही. हे प्यायचे तेव्हा शेवटी शेवटी काही वाटत नव्हतं, आताही वाटत नाही.”

हे खाली पाहत होते. मग तो हमाल बसल्या जागेवरून म्हणाला, “माही बायको मी सोडल्यावर तीन वर्सं माह्याशी बोलली नाही, ताई. भाकर वाढे, पण बोले नाही.”

“मग?” मी विचारलं.

“मंग एक दिवस भांडली.”

दोघं-तिघं हसले. मी खाली बसले.

परतीच्या गाडीत यांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, “खरंच काही नाही वाटत?”

“नाही.”

“बरं,” म्हणाले.

पुढच्या रविवारी मी म्हणाले, आज तुम्ही एकटे जा. हे गेले. मी दार लोटून पंख्याखाली आडवी झाले. हे परत येतील की नाही, कसे येतील, याचा विचार करायचा होता, पण झोप लागली. जाग आली तेव्हा हे बाहेरच्या खोलीत चपला काढत होते आणि सासूबाई विचारत होत्या, “मावशी कशी आहे?”

“तशीच आहे,” हे म्हणाले, “पण जेवते आता.”