पाठीनं पाहिलेला रस्ता

कंडक्टरबाईंचा पाय एका जागी ठरत नसे. ही तक्रार आहे, कौतुक नव्हे. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून साहेबांनी त्यांना बसवरून उतरवलं आणि डेपोच्या चौकशी खिडकीत बसवलं. खुर्ची दिली, पंखा दिला, वर आरामाचा सल्लाही दिला. बाई बसल्या, पण त्यांचे पाय काही बसेनात. डेपोतून एखादी बस सुटली की खुर्चीखाली त्यांची पावलं आपोआप फाकायची आणि टाचा फरशीत रुतायच्या. एकदा एका माणसानं गाडीची वेळ विचारली, तर बाईंनी तंद्रीत टेबलावर दोनदा टकटक केलं. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, हे कुणाला ठाऊक नाही? तो बिचारा वेळ न ऐकताच निघून गेला.

वीसेक वर्षं त्या एकाच मार्गावर होत्या, शहरातून निघून डोंगर ओलांडून शेवटच्या स्टॉपपर्यंत. ड्रायव्हरकडे पाठ, प्रवाशांकडे तोंड, ही त्यांची उभं राहण्याची जागा. नियमाला तर इतक्या पक्क्या की सख्ख्या नणंदेचं तिकीट त्यांनी भर बसमध्ये फाडलं होतं. नणंदबाई पुढे कित्येक महिने बोलत नव्हत्या. कंडक्टरबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. नियम म्हणजे नियम.

अशा बाईंनी पन्नाशी उलटल्यावर जुनी मोटारसायकल घरी आणली, तेव्हा मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा, स्वभावानं जपून वागणारा. वडील गेल्यापासून घरात दोघंच. त्यानं बिनगिअरच्या स्कूटरची वकिली करून पाहिली, गुडघ्यांची आठवण करून दिली, चार दिवस अबोलाही धरला. शेवटी हात टेकले आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानात आईला शिकवायला लागला. क्लच सोडताना घाई करायची नाही, वळताना गाडी झुकते तिकडे आपणही झुकायचं, लाकडासारखं ताठ बसायचं नाही, हे सांगून सांगून त्याचा घसा बसला. मग एक अट घातली.

"एकदा जरी पडलीस, तर किल्ली माझ्याकडे. कायमची."

"कबूल," बाई म्हणाल्या.

सुरुवातीला त्या शहराच्या दुसऱ्या टोकाकडच्या मोठ्या रस्त्यावर जात. तिकडे त्यांची बस कधी गेली नव्हती. पहिल्याच दिवशी वाऱ्यानं डोळ्यांतून धारा लागल्या, एक किडा थेट दातांवर आपटला, आणि शेजारून गेलेल्या ट्रकच्या झोतानं गाडी हातभर सरकली. जीव मुठीत धरणं काय असतं ते तेव्हा कळलं. घरी आल्यावर बोटं इतकी बधिर की दाराची कडी निघेना. पण रात्री अंथरुणावर पडल्या तरी रस्ता अंगातून जात नव्हता. आजवर त्यांनी सगळं जग मागे पळताना पाहिलं होतं. आता ते अंगावर येत होतं, आणि बाईंना तेच हवं होतं. सकाळ कधी होते असं होऊन जायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्या आपल्या जुन्या मार्गावर निघाल्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं. मुलानं दहादा विचारलं, तर म्हणाल्या की तो रस्ता मला झोपेतही येतो, माझी काळजी करू नकोस.

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. शहर सुटलं, डोंगर लागला आणि गाडी उगाच जड वाटू लागली. पहिली दोन वळणं ओढाताण करत कशीबशी गेली. पुढे पाण्याच्या टाकीचं वळण आलं. इथं त्या प्रवाशांना नेहमी सांगत, धरून उभे राहा. सवयीनं आताही तेच शब्द तोंडात आले आणि शब्दांबरोबर अंगही हललं. वळण होतं डावीकडे आणि बाई झुकल्या उजवीकडे. गाडी वळेचना. सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या खडीत घुसली आणि आडवी झाली. दोन श्वासांनंतर समोरून एक टेम्पो आला आणि गेला. त्याला काही दिसलंसुद्धा नाही.

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. कोपर सोलवटलं होतं, क्लचची दांडी वाकली होती, पेट्रोलच्या टाकीवर लांब ओरखडा. बाई रस्त्याच्या कठड्यावर बसल्या. परक्या रस्त्यावर कधी चुकलं नाही, आणि घरच्या रस्त्यावर हे? त्यांना स्वतःचाच संताप आला. मग काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या, वळणाकडे पाठ करून बसमध्ये उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. धरून उभे राहा. अंग उजवीकडे झुकलं. डोळे उघडून तशाच मागे वळल्या, तर ती उजवी बाजू डावी झालेली.

बाईंनी कपाळावर हात मारला. वीस वर्षं हा रस्ता त्यांच्या पाठीनं पाहिला होता. एकेक वळण अंगात मुरलं होतं, पण उलटं.

खरं तर तिथून माघारी फिरायला हवं होतं. पण बाईच त्या. पाण्याच्या टाकीजवळून कालव्याच्या कडेनं एक लांबचा रस्ता डोंगराला वळसा घालून जायचा, तिकडे बस कधीच जात नव्हती. बाईंनी दांडी जमेल तितकी सरळ केली आणि गाडी तिकडे घातली. तो रस्ता त्यांच्या अंगाला ठाऊक नव्हता, म्हणून डोळ्यांचं ऐकावं लागत होतं. डावीकडे वळण, डावीकडे अंग. शेवटच्या स्टॉपवर पोचल्या तेव्हा कोपर ठणकत होतं आणि बाई एकट्याच हसत होत्या. आल्या त्याच रस्त्यानं त्या परतल्या.

वाटेत एक वाईट विचार मनात येऊन गेला. पडताना पाहिलं कुणी? दांडी बदलता येते, ओरखड्यावर रंग मारता येतो, कोपराला दार लागलं म्हणता येतं. घर येईपर्यंत हा विचार पाठ सोडत नव्हता. मग नणंद आठवली.

मुलगा जिन्यातच उभा होता. बाईंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पडले."

त्यानं जखम धुतली, पट्टी बांधली, किल्ली खिशात घातली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंनी वाद घातला नाही, पण आतून तुटल्यासारखं झालं होतं. उद्यापासून खिडकी, खुर्ची आणि पंखा.

जेवताना त्यानं विचारलं, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. टाकीचं वळण, उलटी झालेली बाजू, मग कालव्याचा रस्ता. सांगता सांगता रंगल्या. कालव्याचं डावं वळण आलं तसा डावा खांदा खाली गेला आणि खुर्चीखाली डावं पाऊल गिअर कमी करून आलं. मग उजवं वळण, तर अंग उजवीकडे. त्यांच्या हे गावीही नव्हतं. मुलाचा घास हातातच राहिला. कोपराची पट्टी त्याला दिसत होती आणि ते पाऊलही.

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"आपलं ठरलं होतं," बाई म्हणाल्या आणि किल्ली परत सरकवली.

"उद्या सकाळी टाकीच्या वळणावर जायचं. मी मागे बसतो," तो म्हणाला. किल्ली त्यानं पुन्हा त्यांच्यापुढे केली आणि बोटाच्या पेरानं टेबलावर ठोकलं. एकदा. मग आणखी एकदा.

बाईंना रडू फुटलं. आयुष्यभर ही बेल त्यांनी दुसऱ्यांसाठी वाजवली होती, त्यांच्यासाठी कधी कुणी वाजवली नव्हती. डोळे पुसत, जेवण अर्धं टाकून त्या किल्ली घेऊन उठून उभ्या राहिल्या. सकाळ व्हायला अजून अख्खी रात्र होती, पण डबल बेल झाल्यावर बसून राहायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.