कापूसताईंचं टेबल

एप्रिलचा पहिला रविवार. कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायला बसले आहे. घरात हे काम माझ्याकडेच असतं, आणि दरवर्षी ते करताना कापूसताई आठवतात.

गारखेड्यातल्या आमच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे तयार व्हायचे. मी फोन आणि पत्रव्यवहार बघायचे, ताई नकाशे काढायच्या. दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. सर्दी नाही, कानदुखी नाही. पंख्याची किरकिर, फरशीवर ओढलेली खुर्ची आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कूलरची घरघर त्यांना सोसत नसे. "तुमच्या कानावरून जातं ते माझ्या डोक्यात घुसतं," एवढंच त्या सांगत. आता अशा माणसांसाठी डॉक्टरांकडे शब्द आहेत. तेव्हा ऑफिसकडे एकच होता : तऱ्हेवाईक.

मग दुष्काळ पडला. प्यायलाच टँकरचं पाणी, कूलरमध्ये काय घालणार? तो उन्हाळा आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत काढला. ताईंनी मात्र कापूस काढून ठेवला. घाम पुसत पुसत चक्क गुणगुणायच्या. आमच्यात बसून डबा खाल्ला तोही त्याच उन्हाळ्यात.

पुढच्या पावसाळ्यात जायकवाडी भरलं. शिपाईमामा पेढे वाटत फिरले. ताईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे मार्चमध्ये कूलर."

"अवो, तुमी पैठणच्या ना? धरण भरलं अन् तोंड पाडून बसता व्हय?"

"भावाच्या मोसंबीला पाणी मिळेल, त्याचा आनंद आहे. कूलरचा नाही. दोन्ही खरं आहे, मामा."

मार्चमध्ये कूलर आला, आधीच्यापेक्षा मोठा. शहर वाढत होतं, बडे बिल्डर ऑफिसात येऊ लागले होते. कापूस परत ताईंच्या कानांत गेला. एका बिल्डरला तो स्वतःचा अपमान वाटला. तो गेल्यावर साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर सुनावलं, "कापूस काढा, नाहीतर घरी बसा. बाकीचे घेतातच ना जुळवून?"

ताईंनी कापूस काढला. मग टेबलच ओढत बाहेर गॅलरीत नेलं, भर उन्हात. "कापूस काढला. घरी बसणार नाही. इथं बसते."

जिना चढून येणाऱ्याला आता आधी ताईच दिसायच्या. कुणी विचारलं, "बाहेर का?" तर त्या खरं ते सांगायच्या. संध्याकाळी साहेब भडकले, "उद्या टेबल आत दिसलं नाही तर नोकरी संपली समजा."

"साहेब, काम अडलंय का त्यांचं कुठं?" मी विचारलं.

"तुम्ही फोन बघा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले आणि माझंही टेबल गॅलरीत ओढलं. ताई बघत राहिल्या.

"तुम्हाला तर कूलर आवडतो."

"आवडतो. जरा सरका."

फोनची वायर गॅलरीपर्यंत पुरत नव्हती. फोन आत वाजत राहिला आणि साहेब तो उचलत राहिले. शेवटी कूलरचा आवाज थांबला. साहेब दारात आले. "या आता आत."

"आजच्यापुरता बंद, की कायमचा?" ताईंनी नकाशावरून मान वर न करता विचारलं.

'कायमचा' हा शब्द साहेबांच्या तोंडून निघेपर्यंत आम्ही दोघी उन्हातून हललो नाही.