वणीच्या पायरीवर शेजारी बसलेली बाई

ज्या तोंडाला वास येतो, त्या तोंडानं देवीचं नाव घ्यावं का, हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नाही. विचारायलाही तोंड उघडावं लागलं असतं. पण दीड वर्ष तो माझ्या मनात होता, आणि ते दीड वर्ष मी देवघरासमोर ओठ मिटून बसत होते.

दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. आम्ही मखमलाबादकडे मळ्यात राहतो. गुलाब आणि शेवंती करतो. पहाटे फुलं खुडायची, टोपल्या भरायच्या आणि यांनी त्या नाशिकच्या फुलबाजारात पोचवायच्या, हा आमचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम. माझं ब्लडप्रेशर वाढलेलं असायचं, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही. पायांवर सूज आली तेव्हा तपासलं, तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. मग सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस सुरू झालं. मळ्यातून बसनं नाशिकच्या सीबीएस स्टँडला जायचं, तिथून दवाखाना, चार तास मशीनला, आणि परत येईपर्यंत दिवस संपलेला. फुलं खुडणं जाऊबाईंकडे गेलं. मी फक्त टोपल्यांवर ओलं फडकं टाकायची.

आजाराची सवय झाली, पण तोंडाची झाली नाही. दिवसाला मोजून पाणी प्यायचं, त्यामुळे जीभ टाळ्याला चिकटायची. हिरड्यांतून रक्त यायचं. अन्नाला लोखंडाची चव. आणि वास. युरियाची गोणी फोडल्यावर नाकात जातो ना, तसला. शेतकऱ्याच्या घरात तो वास सगळे ओळखतात. मी दिवसातून चार वेळा दात घासायची, लवंग चघळायची, तरी तो जायचा नाही.

मळ्यातल्या देवीच्या देवळात शुक्रवारी आम्ही बायका भजनाला बसायचो. पहिलं चरण मी उचलायची, मागून बाकीच्या म्हणायच्या. एका शुक्रवारी शेजारच्या काकूंनी माझ्या हातात हळूच वेलदोडा ठेवला आणि म्हणाल्या, “तोंडात असू द्या, आवाज मोकळा होतो.” त्या माऊलीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला समजायचं ते समजलं. पुढच्या शुक्रवारी मी गेले नाही, आणि मग जाणंच सुटलं. घरातही मी पदर तोंडाशी धरून बोलू लागले. यांच्याकडे पाठ करून झोपायची. ते काही विचारायला जवळ आले की मी मान फिरवायची. त्यांना वाटायचं, मी रागावले आहे. मीही त्यांना तसं वाटू दिलं.

अशात माझ्या धाकट्या भावानं किडनी द्यायची तयारी दाखवली. रक्तगट जुळला, आणि घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं. पण किडनीच्या डॉक्टरांनी माझं तोंड तपासलं आणि थांबवलं. खालच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. “ऑपरेशननंतरच्या औषधांनी शरीराची ताकद दबते. तेव्हा हा पू रक्तात गेला तर जिवावर बेतेल. आधी दातांच्या डॉक्टरांचा दाखला आणा.” आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डायलिसिस म्हटल्याबरोबर त्यांनी नको म्हटलं. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, की डायलिसिसला रक्त पातळ करायचं औषध देतात, दाढ काढली आणि रक्त थांबलंच नाही तर? त्यांना मी दोष देत नाही. भीती खरीच होती. गोळ्यांनी सूज उतरायची, गोळ्या संपल्या की पुन्हा चढायची. मग ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी भाऊ मळ्याजवळच्या दुकानात फोन करायचा, “ताई, झालं का दाताचं?” मी “अजून नाही” म्हणून फोन ठेवायची.

एके दिवशी मी देवघरातल्या तसबिरीकडे बघून मनात म्हटलं, आई, दार उघडतेस आणि उंबऱ्यावर दाढ ठेवतेस, ही कसली थट्टा? असं मी देवीशी कधी बोलले नव्हते. माझीच मला लाज वाटली. यांनी माझा चेहरा पाहिला असावा. त्या बुधवारी बाजारातून आल्यावर टोपल्या तशाच ठेवून म्हणाले, “चल, वणीला जाऊन येऊ. गड नाय चढवणार तुला. खाली गावातली जगदंबा बी तीच हाय.”

वणीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. हे ओटीचं सामान आणायला गेले. मी देवळाबाहेरच्या पायरीवर गाल धरून बसले. आत जायचं धाडस होईना. पाच मिनिटांनी एक बाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. बाकी पायरी मोकळी होती, तरी त्या अगदी लागून बसल्या. मी सरकले. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे, सुया टोचून फुगलेल्या शिरेकडे पाहिलं.

“डायलिसिस कधी असतं, ताई?”

मी पदरातून म्हटलं, “सोमवार-गुरुवार.”

“आणि गालाला काय झालंय?”

का कोण जाणे, मी सगळं सांगितलं. दाढ, पू, दोन डॉक्टरांचा नकार, भाऊ. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, “मी देवळाली कॅम्पात एका दातांच्या डॉक्टरांकडे बावीस वर्षं मदतनीस होते. त्यांनी डायलिसिसवाल्यांच्या दाढा काढलेल्या मी पाहिल्यात. डायलिसिसच्या दिवशी काढायची नाही. दुसऱ्या दिवशी काढायची, तोवर ते औषध उतरलेलं असतं. आधी किडनीच्या डॉक्टरांशी बोलून घेतात. उद्या तुमचा गुरुवार ना? मग परवा सकाळी या. मी सांगून ठेवते.”

पिशवीतून कागद काढून त्यांनी पत्ता लिहिला. खाली नाव लिहिलं, शैला. मी कागद घेतला, पण पदर सोडला नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “पदर काढा की. गुदमरताय.”

“वास येतो,” मी म्हटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच मी हे कुणापुढे बोलले होते.

“मला ठाऊक आहे. माझे मिस्टर तीन वर्षं डायलिसिसवर होते. तो वास रक्तात साठलेल्या घाणीचा असतो ताई, माणसाचा नसतो. तेही असेच रुमाल धरून बोलायचे. मला वाटायचं, त्यांना मी नकोशी झालेय. गेले त्या दिवशी रुमाल बाजूला केला, तेव्हा मी त्यांचा पूर्ण चेहरा पाहिला. कितीतरी महिन्यांनी.” एवढं बोलून त्या उठल्या. “येते. बरोबरची माणसं जीपपाशी थांबलीत.”

हे ओटी घेऊन आले तेव्हा मी पायरीवर रडत बसले होते. पदर खांद्यावर होता. ते घाबरून खाली बसले. “काय झालं? दुखतंय का लय?” मी त्यांच्या तोंडाकडे तोंड करून म्हटलं, “अहो, मी तुमच्यावर रागावले नव्हते. मला वासाची लाज वाटत होती.” ते म्हणाले, “मला तर आयुष्यभर खताचाच वास हाय अंगाला. तू कधी काही बोललीस का?”

शुक्रवारी आम्ही कॅम्पात गेलो. डॉक्टर वयस्कर होते, हात थोडे सावकाश चालायचे. त्यांनी आमच्यासमोर किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. गुरुवारी रक्त पातळ करायचं औषध किती दिलं तेही विचारून घेतलं. दाढ काढली, दोन टाके घातले, औषधात भिजवलेला कापूस दाबून धरायला दिला आणि दोन तास समोर बसवून ठेवलं. रक्त थांबलं. आठ दिवसांत ताप गेला, आणि डॉक्टरांनी दाखला दिला.

किडनी मात्र मला मिळाली नाही. शेवटच्या तपासण्यांत भावालाच साखर निघाली, आणि डॉक्टरांनी त्याला नाही म्हटलं. तो माझ्यासमोर रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की मला चीड येत नाहीये. दाढ आडवी आली नसती, घाईघाईत सगळं उरकलं असतं तर, असले हिशेब मी मांडत नाही. तो वेळेवर औषधाला लागला, एवढं मला पुरे. मी आजही मशीनवर आहे. वास पूर्ण गेलेला नाही. आता मी देवीचं नाव मोठ्यानं घेते.

शैलाताई पुन्हा भेटणार नाहीत असं मला वाटत होतं. अशा गोष्टींत मदत करणारं माणूस नंतर शोधून सापडत नाही, असंच आपण ऐकत आलेलो असतो. पण दिवाळीनंतर डॉक्टरांकडे त्यांचं घर विचारून आम्ही शेवंतीची टोपली घेऊन कॅम्पात गेलो तेव्हा त्या घरीच होत्या. मटार सोलत, नळाला पाणी आलं नाही म्हणून कुरकुरत. मला इतकं हसू आलं, की त्यांनी “काय झालं?” म्हणून विचारलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरून बसवलं.

म्हणाल्या, “उलट मीच तुम्हाला सांगणार होते. हे गेल्यापासून मी देवीला गेले नव्हते. त्या दिवशी शेजारणीच्या जीपमध्ये एक जागा होती म्हणून आले. आत गेलेच नाही. मनात म्हणत होते, इतकी वर्षं लोकांच्या तोंडाची सेवा केली, यांची केली, काय उपयोग झाला? हे आता शेवटचं येणं. आणि परत फिरताना पायरीवर तुम्ही दिसलात.”

आम्ही दोघी मग मटार सोलत राहिलो. त्या दिवशी आईनं कुणाला कुणासाठी बोलावलं होतं, ते मी अजून तिला विचारलेलं नाही. तिनं बोलावलं आणि आम्ही दोघी रागातच का होईना, गेलो, एवढंच मला माहीत आहे.